जाणिवेवर संशोधन: क्रिस्टॉफ कॉख यांची वाट आज धरता येईल का?

त्रिज्या

पुण्यात एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. पीएच.डी. मेंदूविज्ञानात आणि त्यातही जाणिवेवर करायची, इथपर्यंत ठरलंय. विषय काढला की जो तो क्रिस्टॉफ कॉख यांचं नाव घेतो: फिजिक्सचा माणूस, डीएनएवाले फ्रान्सिस क्रिक यांच्यासोबत काम, पुढे काही वर्षं सिॲटलच्या ॲलन इन्स्टिट्यूट या मेंदूसंशोधन संस्थेचं अध्यक्षपद. पण माझ्यासारखीनं त्यातून नेमकं काय उचलायचं?

तीन प्रश्न आहेत. कॉख पहिल्या दिवसापासून जाणिवेवरच काम करत होते का? "हे दिसलं" आणि "हे दिसलं नाही" यातला फरक प्रयोगात पकडतात कसा? आणि भारतातून सुरुवात कुठे करायची?

वेदान्त आणि क्वांटम दोन्ही कृपया नको. त्यांचे धागे आधीच शंभरी गाठून आहेत.

दिगंत

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, आणि हे नीट बघण्यासारखं आहे.

१९८२ ला जर्मनीत ट्युबिंगेनला कॉख यांची पीएच.डी. झाली. विषय होता चेतापेशीच्या फांद्या, म्हणजे डेंड्राइट, गणित कसं करतात. पोज्जो आणि तोर्रे यांच्यासोबतचं त्यांचं त्या काळातलं काम रेटिनाच्या (डोळ्यातल्या दृष्टिपटलाच्या) गँग्लियन पेशींवर, म्हणजे मेंदूकडे संकेत पाठवणाऱ्या पेशींवर आहे. उत्तेजक सायनॅप्स (पेशींमधला सांधा) आणि पेशीचा मुख्य भाग यांच्या मधल्या वाटेवर शंटिंग प्रकारचा (विद्युतप्रवाह मध्येच गळवून टाकणारा) रोधक सायनॅप्स बसला, तर तो संकेत गिळतो. तोच रोधक पलीकडे, फांदीच्या टोकाकडे असला तर जवळजवळ काही बिघडत नाही. म्हणजे एकच पेशी "हे आहे, पण ते नाही" असं तर्काचं गणित करू शकते. हे चोख बायोफिजिक्स आहे, जाणिवेचा त्यात मागमूस नाही.

मग एमआयटीत चार वर्षं. १९८५ ला उलमन यांच्यासोबत 'सेलियन्सी मॅप' ची कल्पना: समोरच्या दृश्यात लक्ष आधी कुठे जाईल याचा नकाशा. १९८६ पासून कॅल्टेक. क्रिक यांच्यासोबतचा जाणिवेवरचा पहिला मोठा निबंध १९९० चा. त्या वेळी क्रिक यांच्या नोबेलला अठ्ठावीस वर्षं झाली होती, त्यामुळे त्यांना कोण काय म्हणणार होतं? पण तिशीतल्या प्राध्यापकाला तो शब्द महागात पडू शकत होता. कॉख यांना तो परवडला, कारण बायोफिजिक्स आणि दृष्टीवरचं कॉम्प्युटेशनल काम हाताशी होतं. सेलियन्सीचं इट्टी-कॉख-नीबर मॉडेल १९९८ चं, आणि त्याचा वापर कॉम्प्युटर व्हिजनवाल्यांनी भरपूर केला. प्रयोगशाळेची चूल त्या कामावर पेटत होती.

दुसरी गोष्ट त्यांच्या चुकांची. १९९० ला मेंदूपेशींची ४० हर्ट्झच्या (सेकंदाला ४०) आसपासची एकतालात होणारी कंपनं जाणिवेशी जोडली होती. पुढे दोघांनीही तो आग्रह सोडला. १९९५ ला नेचरमध्ये म्हटलं की व्ही-१, म्हणजे दृष्टीच्या कॉर्टेक्सचा (मेंदूच्या बाह्यस्तराचा) पहिला भाग, आपल्या जाणिवेत थेट येत नाही. कारण दिलं शरीररचनेचं: माकडांत व्ही-१ मधून मेंदूच्या पुढच्या भागाकडे थेट तारा जात नाहीत. हे विधान खोटं ठरू शकतं, म्हणून कामाचं. १९९८ ला ब्रेमेनमध्ये त्यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी पैज लावली की पंचवीस वर्षांत जाणिवेची मेंदूतली स्पष्ट खूण सापडेल. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कला हार मान्य केली आणि वाइनचं खोकं दिलं.

तेव्हा उचलायचं असेल तर हे उचला: पीएच.डी.चा विषय असा घ्या की त्यातून जाणीव हा शब्द खोडला तरी प्रबंध उभा राहील. दृष्टी, लक्ष, झोप, भूल, काहीही.

आरसेमहाल

दुसरा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा, म्हणून सविस्तर.

कॉख यांच्याच प्रयोगशाळेत त्सुचिया यांनी २००५ ला 'कंटिन्युअस फ्लॅश सप्रेशन' ही पद्धत काढली. एका डोळ्याला रंगीत चौकोनांची चित्रं सेकंदाला दहा या वेगानं बदलत दाखवायची, दुसऱ्या डोळ्याला एक स्थिर, फिकं चित्र, म्हणजे लक्ष्यचित्र. स्थिर चित्र डोळ्यात पडतंय, रेटिनावर आहे, पण माणसाला ते कित्येक सेकंद, कधी त्याहून जास्त, दिसतच नाही. उद्दीपन तेच, जाणीव वेगळी. जुन्या बायनॉक्युलर रायव्हलरीत (दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं) चित्रं स्वतःच्या मर्जीनं आलटून पालटून येतात, इथे सूत्रं बऱ्यापैकी तुमच्या हातात.

मांडणी अशी. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर एक चित्र ६ फ्रेम, म्हणजे १०० मिलिसेकंद. चौकोनांची शंभरेक चित्रं आधीच बनवून मेमरीत चढवा. प्रयोग चालू असताना काढत बसलात की फ्रेम गळतात, आणि गळलेली फ्रेम म्हणजे लक्ष्यचित्र डोकावायची संधी. डोळे ते पडदा हा प्रकाशाचा मार्ग, आरशांतला धरून, ५७ सेंटिमीटर ठेवलात तर पडद्यावरचा १ सेंटिमीटर म्हणजे साधारण १ अंश, हिशेब सोपा. हनुवटीला टेकू हवाच. पडदा मधोमध काळ्या पुठ्ठ्यानं विभागा, पुठ्ठा आरशांपर्यंत यायला हवा, नाहीतर डाव्या डोळ्याला उजवीकडचं कडेनं दिसतं. मग चार आरशांचा स्टिरिओस्कोप, म्हणजे प्रत्येक डोळ्याला आपापलं चित्र दाखवणारी मांडणी: आतले दोन नाकासमोर ४५ अंशांत, बाहेरचे दोन त्यांच्या समोर.

आरसे दुकानातले घेऊ नका. साध्या आरशात चकचकीत लेप काचेच्या मागे असतो, त्यामुळे काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून एक आणि मागच्या लेपावरून एक अशा दोन प्रतिमा येतात, आणि कडेला भुतासारखी फिकी सावली दिसते. पुढच्या बाजूला लेप असलेले फ्रंट-सरफेस आरसे घ्या. त्यांना बोट लागलं की गेलं, पुसायचं नाही, फुग्यानं हवा मारायची.

दोन्ही डोळ्यांच्या चित्रांभोवती एकसारखी काळी-पांढरी चौकट ठेवा, म्हणजे डोळे ती एकत्र जुळवतात. जुळली का हे विचारून कळत नाही, लोक "हो हो" म्हणतात. एका डोळ्याला वरची अर्धी उभी रेघ, दुसऱ्याला खालची अर्धी दाखवा. दोन्ही एका सरळ रेषेत दिसल्या तरच जुळलं. प्रत्येक ब्लॉकच्या (ट्रायलच्या गटाच्या) आधी पुन्हा बघा. प्रोग्रेसिव्ह चष्मेवाले शक्यतो घेऊ नका. चौकोन प्रभावी (ज्याचं चित्र वरचढ ठरतं त्या) डोळ्याला, लक्ष्यचित्र दुसऱ्याला. लक्ष्याचा कॉन्ट्रास्ट पहिल्या सेकंदात शून्यापासून हळूहळू चढवा. झपकन आणलात तर ते दडपण फोडून वर येतं. आणि काही लोक न कळत एक डोळा मिटतात, म्हणून मधून मधून अशी ट्रायल टाका की जिच्यात दोन्ही डोळे उघडे असल्याशिवाय उत्तर येणारच नाही.

आता मुख्य भानगड: दिसलं नाही हे ठरवायचं कसं? प्रत्येक ट्रायलनंतर दोन प्रश्न विचारा. एक, लक्ष्य डावीकडे होतं की उजवीकडे, अंदाजानं का होईना उत्तर द्यायचंच. दुसरा, किती दिसलं, १ ते ४ च्या मोजपट्टीवर: अजिबात नाही, पुसटसं काहीतरी, जवळजवळ स्पष्ट, स्पष्ट. नुसतं "दिसलं का?" विचारलं तर भिडस्त माणूस "नाही" म्हणतो आणि उत्साही "हो", मग तुम्ही जाणीव नाही, स्वभाव मोजत बसता.

सगळ्यात जास्त पेपर इथे बुडतात: ज्यांचे अंदाज पन्नास टक्क्यांवर आले तेवढेच लोक "न दिसलेले" म्हणून निवडायचे आणि त्यांच्यावर निष्कर्ष काढायचा. गणित करून बघा. माणसाला ट्रायल २०, त्याची खरी क्षमता ६० टक्के, म्हणजे त्याला थोडं दिसतंय. तरी २० पैकी १० किंवा कमी बरोबर यायची शक्यता जवळपास २५ टक्के! चारातला एक जण "अजाण" म्हणून आत घुसला. ट्रायल २०० केल्या तर तीच शक्यता हजारात दोन-तीन. शँक्स यांनी २०१७ ला हे सविस्तर मांडलंय, सुरुवातीलाच वाचा.

त्रिज्या

आरसेमहाल, हे मला कुठेही असं मिळालं नव्हतं. आरशांऐवजी लाल-निळा चष्मा चालेल का? आणि उत्तर द्यायला बटण दाबावं लागतं, तर मेंदूत दिसेल ते जाणिवेचं की बटण दाबण्याच्या तयारीचं?

आरसेमहाल

चष्मा सरावापुरता चालेल. फिल्टर पूर्ण बंद नसतात, लाल काचेतून निळ्याचा थोडा अंश गळतोच. शिवाय रंगीत चौकोन वापरता येत नाहीत, सगळं एकेका रंगात करावं लागतं. आणि मॉनिटरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, कोपऱ्यात फोटोडायोड (प्रकाश टिपणारा सेन्सर) चिकटवून फ्रेम खरंच कधी बदलते ते मोजा.

बटणाची शंका अगदी बरोबर आहे. त्यासाठी न विचारता कळणाऱ्या पद्धती आहेत. दोन डोळ्यांना विरुद्ध दिशांना सरकणारे पट्टे दाखवले, की जो पट्टा जाणिवेत आहे त्याच्याच दिशेनं डोळे हळू सरकतात आणि झटक्यानं परत येतात. डोळ्यांचा कॅमेरा हे टिपतो, बटण नको. अशा प्रयोगांत मेंदूच्या पुढच्या भागातली बरीच हालचाल ओसरते, म्हणून ती उत्तर देण्याशी जोडलेली होती असं एक गट म्हणतो. दुसरा गट म्हणतो, माणूस मनातल्या मनात तरी नोंद घेतोच की. वाद मिटलेला नाही.

वॉर्डातला

वरचे दोघेही निरोगी तरुणांबद्दल बोलतायत. जाणिवेच्या संशोधनाचा मोठा भाग हॉस्पिटलात होतो, तोही लक्षात घ्या.

कॉख यांचं नाव ज्या 'जेनिफर ॲनिस्टन पेशी' च्या पेपरवर आहे (२००५, नेचर), तो लॉस एंजेलिसच्या इत्झाक फ्रीड यांच्या अपस्माराच्या रुग्णांमुळे शक्य झाला. औषधांना न जुमानणाऱ्या फिट्सचं मूळ शोधायला मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड घालून रुग्णाला साधारण एक-दोन आठवडे वॉर्डात ठेवतात. त्या इलेक्ट्रोडच्या पोकळीतून ४० मायक्रॉन जाडीच्या नऊ तारा टोकाबाहेर काढलेल्या असतात, आठ नोंदीसाठी, एक संदर्भासाठी. इलेक्ट्रोड कुठे घालायचा हे फक्त उपचाराच्या गरजेनं ठरतं, संशोधकाच्या मर्जीनं एक मिलिमीटरही हलत नाही. हा मुद्दा एथिक्स कमिटीपुढे पहिल्या पानावर हवा. प्रयोग अर्ध्या तासाच्या आत बसवा. रुग्ण थकलेला असतो, मध्ये नर्स येते, चहा येतो, फिट येऊ शकते. सलाइनचा पंप आणि पलंगाची मोटर ५० हर्ट्झची गुणगुण देतात. मोटरचा प्लग काढायची परवानगी आधी घेऊन ठेवा.

दुसरं दालन: डोळे उघडे पण प्रतिसाद नाही असे मेंदूला इजा झालेले रुग्ण. २००६ ला एड्रियन ओवेन यांच्या गटानं अपघातातल्या एका २३ वर्षांच्या तरुणीला एफएमआरआयमध्ये (मेंदूचा कुठला भाग कामात आहे ते दाखवणारं स्कॅन) सांगितलं, टेनिस खेळतेय अशी कल्पना कर. मग, घरात खोल्यांतून फिरतेय अशी. तिच्या मेंदूत निरोगी माणसासारखेच दोन वेगळे भाग उजळले. २०१० ला ५४ रुग्णांच्या तपासणीत ५ जणांना हे जमलं. २०२४ ला बऱ्याच केंद्रांच्या एकत्र अभ्यासात, आज्ञेला बाहेरून कुठलाच प्रतिसाद न देणाऱ्या २४१ पैकी ६० जणांत ईईजी (डोक्यावरून टिपलेल्या विद्युतलहरी) किंवा एफएमआरआयवर तो सापडला.

पण मशिनच्या आधी खाटेजवळची तपासणी. सीआरएस-आर नावाची मोजपट्टी आहे: सहा भाग, एकूण २३ गुण. नजर फिरते का बघायला बोट किंवा टॉर्च नाही, आरसा वापरायचा. स्वतःच्या चेहऱ्यामागे नजर जास्त वेळा वळते. आज्ञा चार वेळा, प्रत्येकीनंतर १० सेकंद प्रतिसादाची वाट बघून. एकदा करून निकाल देऊ नका. दोन आठवड्यांत किमान पाच वेळा, वेगवेगळ्या वेळी. २००९ च्या एका अभ्यासात नेहमीच्या पाहणीवरून 'काहीच जाणीव नाही' ठरवलेल्यांपैकी ४१ टक्क्यांना या मोजपट्टीवर किमान जाणीव असल्याचं निघालं. चुकायची कारणं साधी असतात: झोपेच्या औषधाचा अंमल, ताप, कानात मळ, भाषा समजण्याच्या केंद्राला इजा. आणि भाषा! सोलापूरच्या आजींना "स्क्वीझ माय हँड" म्हणायचं आणि प्रतिसाद नाही असं लिहायचं, याला तपासणी म्हणत नाहीत. घरच्यांना विचारा, आजींना घरात कोणत्या नावानं हाक मारतात, कोणत्या कानानं कमी ऐकू येतं.

फिजिक्सवाल्यांना आवडेल असं एक: मासिमिनी आणि टोनोनी यांच्या गटाचा पीसीआय हा आकडा. डोक्याबाहेरून कॉइलनं (तारेच्या वेटोळ्यानं) चुंबकीय ठोका द्यायचा आणि ईईजीवर उमटणारा प्रतिध्वनी किती गुंतागुंतीचा आहे ते मोजायचं. झिप फाइल बनवताना जशी पुनरावृत्ती दाबली जाते, तसाच लेंपेल-झिव्ह हिशेब. गाढ झोपेत प्रतिसाद मोठा पण एकसुरी, म्हणून छान दबतो, आकडा खाली. जागेपणी आणि स्वप्नात दबत नाही. १५० जणांवर पारखून जाणिवेचा उंबरठा ठरला ०.३१. बिघडतं कुठे? कॉइलच्या "टक्" आवाजाला कान स्वतंत्र प्रतिसाद देतो, म्हणून इअरफोनमधून खरखराट द्यावा लागतो. आणि कॉइल कानशिलाजवळ गेलं की तिथला स्नायू आकसतो; त्याची लाट मेंदूच्या लाटेच्या कितीतरी पट मोठी. मग कॉइल मधल्या रेषेकडे सरकवा आणि थोडं फिरवून बघा.

तुम्ही डॉक्टर नसल्यानं हे एकट्यानं जमणार नाही. न्यूरोलॉजिस्ट व्हायचं तर एमबीबीएस साडेपाच, एमडी तीन, डीएम तीन अशी साडेअकरा वर्षं. त्यापेक्षा न्यूरोलॉजिस्ट सोबत असलेली प्रयोगशाळा शोधा.

गणिती_काका

तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही, म्हणून मी. बंगळुरूला आयआयएससीचं सेंटर फॉर न्यूरोसायन्स आणि निम्हान्स (मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची संस्था), मानेसरला एनबीआरसी (राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र), आयआयटी कानपूरचा कॉग्निटिव्ह सायन्स विभाग, आयआयटी गांधीनगर, अलाहाबाद विद्यापीठाचं सीबीसीएस (वर्तन आणि कॉग्निटिव्ह सायन्सचं केंद्र). विभागाच्या नावात 'जाणीव' शोधू नका, सापडणार नाही. लक्ष, दृष्टी, निर्णय, झोप, ध्यानाचा ईईजी यावर काम करणारे मार्गदर्शक शोधा आणि त्यांचे मागच्या तीन वर्षांतले पेपर वाचा. नेट-जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,०००, घरभाडं वेगळं. कोणती परीक्षा कुठे चालते हे दरवर्षीच्या जाहिरातीत बघा.

दिगंत यांच्याशी एका बाबतीत मतभेद आहे. "शब्द खोडला तरी उभा राहील" हे खरं, पण सिद्धान्तांकडे पाठ फिरवून आता भागत नाही. कॉख स्वतः इंटिग्रेटेड इन्फर्मेशन थिअरीच्या (माहिती एकसंध गुंफली जाणं म्हणजे जाणीव) बाजूचे. कॉजिटेट नावाच्या प्रकल्पात ही थिअरी आणि ग्लोबल वर्कस्पेस (माहिती मेंदूभर पसरवली जाणं म्हणजे जाणीव), दोन्हीकडच्यांनी प्रयोगाआधी लिहून दिलं की काय दिसलं तर आमचं चुकलं. २५६ माणसं, एफएमआरआय, एमईजी (मेंदूच्या चुंबकीय लहरींची नोंद) आणि मेंदूतले इलेक्ट्रोड, निकाल २०२५ ला नेचरमध्ये. पहिलीला हवं होतं की चित्र दिसतंय तोवर मेंदूच्या मागच्या भागात सलग मेळ टिकेल, तो मिळाला नाही. दुसरीला हवं होतं की चित्र गेल्या क्षणी पुढच्या भागात पुन्हा भडका उडेल, तोही बहुतेक दिसला नाही. दोघांनाही चटका.

दिगंत

मतभेद नाही, पुरवणी म्हणू. पण विद्यार्थ्यानं थिअरीचा बिल्ला लावू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये १२४ जणांनी सही करून इंटिग्रेटेड इन्फर्मेशन थिअरीला छद्मविज्ञान म्हटलं. मोठ्यांच्या भांडणात पोस्टडॉकच्या मुलाखतीला जाणाऱ्याचं नाव कशाला?

त्रिज्या

एम.एस्सी.चा प्रोजेक्ट जानेवारीपासून आहे. हातात लॅपटॉप सोडून काही नाही. काय करू?

गणिती_काका

ॲलन इन्स्टिट्यूटचा उंदरांच्या दृष्टीचा न्यूरोपिक्सेल्स (मेंदूत घालायचे सुईसारखे प्रोब) डेटा फुकट आहे, पायथॉनमधून उतरवता येतो. एका सत्राची फाइल दोन-तीन जीबीची असते, सुरुवातीला एकच सत्र घ्या. बहुतेक सत्रांत एकाच वेळी सहा प्रोब, प्रत्येकात नोंदीच्या ३८४ वाहिन्या. आधी पेशींची प्रतवारी: लागोपाठच्या दोन ठिणग्यांमधलं (स्पाइक, म्हणजे पेशीचे विद्युतसंकेत) अंतर दोनेक मिलिसेकंदांहून कमी वारंवार दिसत असेल, तर ती एक पेशी नाही, दोघींची सरमिसळ आहे, काढून टाका. मग पट्ट्यांचं चित्र आल्यापासून १० मिलिसेकंदांच्या खणांत ठिणग्या मोजा, व्ही-१ आणि त्याच्या शेजारच्या भागांत प्रतिसाद किती उशिरानं चढतो ते काढा.

एक खड्डा आधीच सांगतो. उंदीर जागा असतो, चकतीवर हवं तेव्हा धावतो, आणि धावताना व्ही-१ मधल्या पेशी जास्त पेटतात. धावण्याचा वेग त्याच फाइलमध्ये आहे. धावतानाच्या आणि उभं असतानाच्या ट्रायल वेगळ्या करा, मगच सरासरी काढा.